काही नाही

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची नात आमच्याकडे राहावयास आली होती. वय वर्षे चौदा. दुपारी घरातील मंडळी वामकुक्षी घेत असता ती खिडकीशी बसून एक जाडजूड पुस्तक वाचीत असे. ते होते हॅरी पॉटरच्या मालिकेतील चौथे पुस्तक. एके दिवशी तिने ते पुस्तक पालथे ठेवले आणि फुणफुणत आमच्यापाशी आली. "आजोबा, रॉन असा का हो वागतो? हॅरीचा इतका चांगला मित्र, आणि त्याच्याशी बोलणंच टाकतो!"

ज्या वाचकांनी ही कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. मूळ इंग्रजी पुस्तक २००० साली प्रसिद्ध झाले. जादूच्या विद्यालयात शिकणारा हॅरी आणि त्याचा जिवलग मित्र रॉन, दोघेही चौदा वर्षांचे. एका प्राणघातक स्पर्धेसाठी जादूच्या चषकातून स्पर्धकांची नावे बाहेर पडतात आणि कोणाच्या ध्यानीमनी नसता त्यांत हॅरीचे नाव निघते. आपण ते नाव टाकले नाही, असे हॅरी जीव तोडून सांगतो. रॉनचा मात्र विश्वास बसत नाही. मोठ्या भावंडांच्या सावलीत वाढलेला, जुने कपडे वापरणारा हा मुलगा प्रसिद्ध मित्राच्याही सावलीत उभा असतो, आणि एका रात्री ती सावली त्याला असह्य होते. पुढे हॅरीला प्रत्यक्ष अग्निसर्पाशी झुंजताना पाहिल्यावर त्याचे डोळे उघडतात आणि दोघांचा समेट होतो.

आम्ही आयुष्यभर शिक्षकी केली असल्यामुळे उत्तर जिभेवर तयारच होते. मत्सर हा षड्रिपूंपैकी सहावा. आपल्या धर्मशिक्षणात सात मूलभूत पापे सांगितली आहेत, त्यांतही त्याची गणना आहे. चांगल्या माणसाच्या मनातही तो शिरू शकतो, इत्यादी. नातीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते कळलं. पण इतक्या जवळच्या मित्राचाच का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांस देता आले नाही. देता आले नाही म्हणण्यापेक्षा, जे उत्तर ठाऊक होते ते देण्याचे धैर्य त्या दुपारी झाले नाही, असे म्हणणे अधिक खरे. त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. डोळ्यांसमोर भोकर उभे राहिले होते.

आमचे वडील रेल्वेत नोकरीस होते. १९७० साली त्यांची बदली भोकरला झाली. नांदेड जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव मुदखेडहून आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. त्या काळी या मार्गावर मीटरगेजची गाडी धावे. तेलंगण तेथून हाकेच्या अंतरावर. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे गावातील वृद्ध मंडळी उर्दू शाळेत शिकलेली, बाजारात मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा कानावर पडत, आणि एकाच वाक्यात तिन्ही भाषा आल्या तरी कोणास नवल वाटत नसे. आमचे एकच ख्रिस्ती कुटुंब रेल्वेच्या चाळीत होते. नाताळला आई करंज्यांचे ताट शेजारीपाजारी पाठवी आणि पोळ्याला शेजाऱ्यांकडून पुरणपोळी येई.

या गावात आम्हांस एक मित्र मिळाला. त्याच्या घरी तेलुगू बोलत. वडील नव्हते, आई लोकांच्या शेतावर मजुरीने जाई आणि रात्री कंदिलाच्या उजेडात विड्या वळी. वर्गात तो आमच्या शेजारी बसे. आम्हा दोघांचे सूत जमले ते 'चांदोबा'मुळे. हे मासिक मुळात १९४७ साली मद्रासेहून तेलुगू आणि तमिळ भाषांत 'चंदामामा' या नावाने निघाले आणि १९५२ पासून मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागले, हे त्या वयात आम्हांस ठाऊक नव्हते. आमच्या घरी मराठी अंक येत. त्याचा मामा निजामाबादेहून येताना तेलुगू अंक आणी, तेही जुने, कडा फाटलेले. दोन्ही अंकांत तीच चित्रे! झाडावरून प्रेत उतरवणारा विक्रम राजा, त्याच्या खांद्यावरचा वेताळ, घुमट आणि महाल, लांब शेंडीचे पंडित, सारे तेच. फक्त लिपी निराळी, आणि ती तेलुगू लिपी आम्हा दोघांनाही वाचता येत नसे.

तेव्हा आमचा एक खेळ सुरू झाला. मित्राने तेलुगू अंकातील चित्रे पाहून गोष्ट रचावयाची आणि मग आम्ही मराठी अंकातील खरी गोष्ट वाचून दाखवावयाची. रेल्वेच्या पाण्याच्या टाकीखाली बसून आम्ही हा खेळ कित्येक संध्याकाळी खेळलो. अल्पावधीतच एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. त्याने रचलेली कथा छापील कथेपेक्षा सरस असे. छापील कथेत राक्षस मरे. त्याच्या कथेत राक्षसाला ताप येई आणि त्याची आई त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवी. हे सारे त्याला कोठून सुचत असे कोण जाणे. आरंभी आम्हांस त्याचे कौतुक वाटे. पुढे त्या कौतुकात आणखी काही मिसळू लागले. त्याला त्या वेळी आम्ही नाव दिले नव्हते.

आमच्या घरातही एका वडीलधाऱ्या व्यक्तीने आईपाशी तक्रार केली होती, की पोरगा भलत्याच संगतीत रमतो, स्वतःच्या बरोबरीचे मित्र का शोधीत नाही. आईने ते मनावर घेतले नाही. पण आम्ही दाराआडून ऐकले होते, आणि ऐकलेले शब्द कानातून निघून जात नाहीत.

१९७२ साली आम्ही नववीत गेलो. शाळेत दरवर्षी एक हस्तलिखित निघे. मराठीच्या सरांनी ते काम आमच्या वर्गाकडे दिले. आम्ही आणि मित्र, दोघांनी मिळून एक दीर्घ अद्भुतकथा रचली. एक राजपुत्र आणि एक प्रधानपुत्र. दोघांचा जन्म एकाच दिवशीचा, दोघांचे ताट एक. लाकडी घोड्यावर बसून ते सात डोंगरांपलीकडे काचेच्या महालात जातात, वाटेत प्रधानपुत्र पाखरांची भाषा जाणत असल्यामुळे राजपुत्राचे प्राण वाचवतो. कथा बहुतांशी मित्राची. आमचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून सुवाच्य प्रत उतरवून काढण्याचे काम आमचे. राजपुत्र आम्ही आणि प्रधानपुत्र तो, हे न बोलता ठरून गेले होते. असे का ठरले, हा प्रश्न दोघांपैकी कोणीही विचारला नाही.

सरांनी कच्चा मजकूर वाचला आणि वर्गात सर्वांसमोर मित्राची पाठ थोपटली. आमच्याकडे पाहून म्हणाले, "तुझे अक्षर चांगले आहे." बस्स, एवढेच. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आम्ही जे केले होते त्याचीच त्यांनी वाखाणणी केली होती. पण ते वाक्य आमच्या अंगात कुसळासारखे रुतले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी तास संपताच सरांनी मित्राला वऱ्हांड्यात बोलावले आणि खांद्यावर हात ठेवून बराच वेळ हलक्या आवाजात काही सांगितले. तो परत येऊन बसला. आम्ही विचारले, काय म्हणाले सर?

"काही नाही."

पुन्हा विचारले. त्याने मान खाली घातली. "काही नाही रे. कामून इचारतूस?"

वाचकहो, त्या 'काही नाही'त आम्ही त्या रात्री काय काय भरले! सर त्याला एकट्यालाच दुसरी कथा लिहावयास सांगत असतील. हस्तलिखिताचा संपादक म्हणून त्याचेच नाव जाणार असेल. दोघे मिळून आम्हांस हसत असतील. यापैकी एकाही गोष्टीला तिळमात्र आधार नव्हता. परंतु आधार नसल्यामुळेच त्यांचे खंडनही होऊ शकत नव्हते.

सुवाच्य प्रत आमच्याच हाती होती. शेवटच्या दोन पानांत आम्ही कथा बदलली. मूळ कथेत दोघे मित्र सुखरूप घरी परततात. आम्ही लिहिले, की राजपुत्राला प्रधानपुत्राचा संशय आला; त्याने त्याला जाब विचारला; आणि त्या क्षणी प्रधानपुत्र पायांपासून डोक्यापर्यंत पाषाणाचा झाला. राजपुत्र घोड्यावर बसून निघून गेला. पाषाण तेथेच राहिला. खाली लेखकाचे नाव लिहिले, ते एकच.

स्नेहसंमेलनात हस्तलिखित टेबलावर मांडले होते. मित्र आला, त्याने पाने उलटली, शेवटचे पान दोनदा वाचले. आम्ही खांबाआडून पाहत होतो. त्याने अंक मिटला, कडेला सरळ लावून ठेवला आणि तो बाहेर गेला. भांडला नाही, बोलला नाही.

ते वर्ष मराठवाड्याच्या स्मरणात कशासाठी आहे, हे येथील वाचकांस सांगावयास नको. १९७२ साली पाऊस पडलाच नाही म्हटले तरी चालेल. विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरे कवडीमोलाने गेली, परदेशातून आलेला लाल मिलो शिधावाटपाच्या दुकानातून घ्यावा लागला, कामांवर सुकडी वाटली जाऊ लागली. गावोगावी सरकारी दुष्काळी कामे निघाली: रस्ते, बंधारे, पाझर तलाव, आणि सर्वांत अधिक म्हणजे खडी फोडणे. दुसऱ्या सत्रात काही दिवसांनी मित्राची जागा रिकामी दिसू लागली. तो आईबरोबर खडीच्या कामावर जात होता. एकदा वडिलांसोबत गाडीने मुदखेडला जाताना रुळांलगतच्या रस्त्यावर दगडांचे ढीग आणि त्यांमागे ओळीने बसलेली माणसे दिसली. त्यांत तो असावा. आम्ही खिडकीतून मान आत घेतली.

तो पुन्हा शाळेत आला नाही.

१९७५ साली शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन आम्ही सरांचा निरोप घेण्यास गेलो. बोलता बोलता ते म्हणाले, "तुझ्या मित्राचे वाईट वाटते. त्याची फी मी भरीत होतो. पुस्तकेही देणार होतो. हे कोणाला सांगू नकोस, अगदी जवळच्या मित्रालाही नाही, असे मीच त्याला बजावले होते. म्हटले, पोराला लाज वाटू नये. पण घरची चूलच पेटेना, तेथे फीचे काय!"

तर ते 'काही नाही' हे होते.

उजव्या हाताने केलेले दान डाव्या हातास कळू नये, ही शिकवण आम्ही रविवारच्या प्रवचनात ऐकत आलो होतो. सर ख्रिस्ती नव्हते; पण ती शिकवण त्यांनी तंतोतंत पाळली होती, आणि मित्राने ते गुपित तितक्याच निष्ठेने सांभाळले होते. त्या दोघांच्या सौजन्यामध्ये एकच मोकळी फट राहिली होती, आणि तीतून आम्ही आत शिरलो होतो. येथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. मित्राची शाळा सुटली ती दुष्काळाने, आमच्यामुळे नव्हे. आम्ही कथा बदलली नसती तरी त्याला खडी फोडावी लागलीच असती. पण खडी फोडावयास जाताना त्याला एक मित्र असता. तो आम्ही त्याच्यापासून काढून घेतला होता.

पुढे शिक्षक झाल्यावर, एका सुट्टीत ग्रंथालयात जुनी पुस्तके चाळत असता १८६८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला दख्खनच्या लोककथांचा एक इंग्रजी संग्रह हाती लागला. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने तो तयार केला होता. १८६५-६६ च्या हिवाळ्यात ती वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असता तिच्या आयाने तिला या कथा सांगितल्या. त्या आयाचे नाव होते ॲना लिबराटा डिसोझा. तिच्या आजोबांचे घराणे मूळचे लिंगायत. गोव्याच्या परिसरात येऊन ते ख्रिस्ती झाले. कथा ॲनाला मिळाल्या त्या तिच्या आजीकडून. भारतीय लोककथांच्या इंग्रजीतील अगदी आरंभीच्या संग्रहांत या पुस्तकाची गणना होते, आणि त्याचा उगम आहे आपल्याच समाजातील एका आजीच्या मुखात. हे वाचून आम्हांस मोठा अभिमान वाटला. तो अभिमान फार काळ टिकला नाही, कारण थोड्याच पानांनंतर राम आणि लक्ष्मण यांची गोष्ट आली.

हे राम-लक्ष्मण रामायणातील नव्हेत. एक राजाचा मुलगा, दुसरा प्रधानाचा. एकाच दिवशी, एकाच घटकेस जन्मलेले, एकाच ताटात जेवणारे. राम पंधरा वर्षांचा झाला तेव्हा राणीला ही मैत्री खुपू लागली. प्रधानाच्या पोराशी राजपुत्राने इतके मिसळणे तिला कमीपणाचे वाटले. राजाने तिचे ऐकले नाही. तेव्हा एका वृद्ध नर्तकीने भरपूर मोहरा घेऊन ते काम पत्करले. तिने काय करावे? भरजरी वस्त्रे नेसून ती त्या मुलांच्या बागेतील विहिरीवर गेली. रामाने लक्ष्मणास पाठवले, कोण बाई आहे ते पाहून ये. लक्ष्मणाने विचारले, काय हवे? ती म्हणाली, काही नाही. आणि मान हलवून चालती झाली. लक्ष्मणाने परत येऊन जे घडले तेच सांगितले. रामाचा विश्वास बसला नाही. इतकी नटूनथटून आलेली बाई काही नाही कसे म्हणेल? तू माझ्यापासून लपवतोस! दोघे हातघाईवर आले. राम धावत पित्याकडे गेला आणि म्हणाला, त्याला मारा, आणि पुरावा म्हणून त्याचे डोळे मला आणून दाखवा. तोवर मी जेवणार नाही.

आम्ही पुस्तक मिटले. ग्रंथालयातील पंखा फिरत होता, समोर एक विद्यार्थी टिपणे काढीत होता, आणि आम्हांस वाटले की दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या आजीने आमचे सारे पाहिले आहे.

राजा शहाणा होता. त्याने प्रधानाला मुलाला लपवण्यास सांगितले आणि हरणाचे डोळे आणून रामाला दाखवले. राम पोटभर जेवला. पण पुढे त्याला करमेना. गोष्टी सांगावयास कोणी नाही. पडलेल्या स्वप्नाचा अर्थ लावावयास कोणी नाही. अखेर राजाने खरा प्रकार सांगितला आणि दोघे पुन्हा भेटले. मात्र कथा तेथे संपत नाही. पुढे लक्ष्मण घुबडांची भाषा ऐकून रामावरील एकामागून एक संकटे टाळतो, आणि शेवटच्या संकटाच्या वेळी राम पुन्हा त्याच्यावर संशय घेतो. त्या संशयाने लक्ष्मण पाषाण होतो. आठ वर्षांनी रामाचे लहान मूल त्या पाषाणाला हात लावते, तेव्हा तो पुन्हा माणूस होतो.

रामाने मित्राचे डोळे मागितले, ही गोष्ट आम्ही कित्येक दिवस घोळवीत होतो. आपल्या भाषेने मत्सराचे घर डोळ्यांतच दाखवले आहे. दुसऱ्याचे चांगले आपल्या डोळ्यांत खुपते, डोळ्यांत सलते. आपण म्हणतो दृष्ट लागली. लॅटिन भाषेतील मत्सरवाचक शब्दाचे मूळही 'पाहणे' या धातूतच आहे. महाकवी दान्तेने शुद्धिस्थानातील मत्सरी आत्म्यांचे चित्र रंगवले आहे, तेथे त्यांच्या पापण्या लोखंडी तारेने शिवलेल्या आहेत. ज्या इंद्रियाने अपराध केला त्यालाच विसावा. नातीच्या त्या मालिकेच्या २००७ सालच्या शेवटच्या भागातही रॉनचा मत्सर वाढवणाऱ्या शापित पदकाच्या आत दोन जिवंत डोळे असतात, आणि ते त्याला स्वतः तलवारीने फोडावे लागतात. लेखिकेने ॲनाची कथा वाचली असेल असे आम्ही म्हणत नाही. पण मानवी मन सगळीकडे एकाच जागी ठेचकाळते खरे.

आणि तरी प्रत्येकाने ठेचकाळलेच पाहिजे असेही नाही. पवित्र शास्त्रात योनाथानाची कथा आहे. तो शौल राजाचा पुत्र. राज्य त्यालाच मिळावयाचे. दावीद मेंढपाळाचा पोर. त्याने गल्याथाला मारले आणि साऱ्या देशात त्याचा जयघोष झाला. शौलाच्या डोळ्यांत तो खुपू लागला. खरे तर मत्सर करावयाचा कोणी, तर तो योनाथानाने. पण योनाथानाने अंगातील झगा काढून दावीदास दिला. वस्त्रे, तलवार, धनुष्य, कमरबंदही दिला. एकाच घरात बापाने भाला उगारला आणि मुलाने झगा दिला. आमच्या हाती त्या वयात झगा नव्हता. एक टाक होता, एक कोरे पान होते, आणि त्यावर दोन नावांपुरती जागा होती.

पापनिवेदनाच्या वेळी ही गोष्ट आम्ही धर्मगुरूंस सांगितली होती. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, "हे तुम्ही त्याला सांगितलेत का?" वेदीपाशी अर्पण ठेवून आधी बंधूशी समेट करण्याची आज्ञा त्यांनी आम्हांस वाचून दाखवली नाही, तशी आवश्यकताही नव्हती.

तरीही भोकरला जाण्यास १९९६ साल उजाडले. एका लग्नाचे निमित्त मिळाले. बसस्थानकापासून थोड्या अंतरावर मित्राचे सायकल-दुरुस्तीचे दुकान आहे असे कळले होते. तो चाकाचे पंक्चर पाहत पाण्याच्या घमेल्यापाशी बसला होता. आम्हांस पाहताच त्याने ओळखले, हात पुसले, आणि स्टूल पुढे सरकवून म्हणाला, "या साहेब, बसा."

ज्याने आम्हांस कधी 'तू' शिवाय हाक मारली नव्हती त्याचे ते 'बसा' ऐकून आमचे पाठ केलेले सारे बोलणे विरून गेले. कसेबसे हस्तलिखिताचा विषय काढला.

तो थोडा वेळ घमेल्यातील बुडबुड्यांकडे पाहत राहिला. मग हसला. "आठवतंय की. मला दगड केलतास तू. अन् तिथंच सोडून गेलतास."

'तू' परत आला होता. आम्ही क्षमा मागितली. सरांनी सांगितलेली फीची हकीकत आपणांस ठाऊक आहे, हेही सांगितले. आणि विचारले, की त्या दिवशी एका शब्दाने तरी का बोलला नाहीस?

"सरांनी शपथ घातली होती," तो म्हणाला. "अन् तू इचारलास बी कसं? चोराला इचारल्यासारखं. तसं इचारल्यावर माणूस काय सांगंल?"

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. आम्ही खाली मान घालून बसलो. त्याने पलीकडच्या हॉटेलात ओरडून दोन चहा सांगितले.

चहा पिताना तो म्हणाला, "लेकरांना सांगतो मी ती गोष्ट. शेवट बदलून सांगतो. राजाचं लेकरू खेळत खेळत येतंय, दगडाला हात लावतंय, अन् उठून बसतोय परधानाचा पोरगा." आम्ही चकित होऊन विचारले, हा शेवट तुला कोठे मिळाला? "कोठे म्हणजे? माय सांगायची की तेलुगूत. ती सगळी गोष्टच मायची. आपण घोडा तेवढा घातला."

म्हणजे कथा आमची नव्हती हे तर ठाऊकच होते. ती केवळ त्याचीही नव्हती. विड्या वळता वळता एका माउलीने ती मुलाला दिली होती, जशी ॲनाच्या आजीने ॲनाला दिली होती. तिच्या पानाखाली आम्ही मोत्यासारख्या अक्षरात स्वतःचे नाव लिहिले होते.

नातीच्या प्रश्नाकडे वळतो. जवळच्या मित्राचाच मत्सर का वाटतो? दूरच्या माणसाचे भाग्य आपल्याला पुरते दिसत नाही. टाटा-बिर्लांचा हेवा करीत कोणी रात्र जागवीत नाही. जो आपल्या ताटात जेवतो त्याच्या वाटचा घास मात्र आपण मोजू शकतो. शिवाय मित्राचा मत्सर करणाऱ्याला दुहेरी भय असते: तो आपल्या पुढे जाईल हे एक, आणि पुढे गेल्यावर आपल्याला सोडील हे दुसरे. या दुसऱ्या भयाच्या तळाशी प्रेमच असते. आणि म्हणूनच हे दुखणे ओळखू येत नाही. रॉनला हॅरीचा चषक नको होता. हॅरीने आपल्याला न सांगता काही केले, हे त्याला सहन झाले नाही. आम्हांसही सरांची शाबासकी फार नको होती. त्या वऱ्हांड्यातील बोलण्यात आम्हांस स्थान नव्हते, हे आम्हांस सोसले नाही.

दुसऱ्या दिवशी हे सारे आम्ही नातीला सांगितले. काही लपवले नाही. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "मग त्या हस्तलिखितात तुम्ही त्यांचं नाव नंतर लिहिलंत का?"

तो अंक केव्हाच वाळवीने खाल्ला. तेथे नाव लिहिणे आता शक्य नाही. तेव्हा मनात आले, निदान हा लेख लिहावा आणि त्यात मित्राचे नाव ठळकपणे द्यावे. त्याला दूरध्वनी केला. आता मुलगा दुकान पाहतो. हा नातवंडांना शाळेत पोहोचवण्याचे काम करतो. आमचे म्हणणे ऐकून तो हसला.

"नाव कशाला रे? गोष्ट छाप. शेवट मात्र मायचा घाल."

त्याच्या इच्छेविरुद्ध काही लिहिण्याचा अधिकार आम्ही १९७२ सालीच गमावला आहे. म्हणून याही खेपेस त्याचे नाव पानावर नाही. शेवट मात्र त्याच्या आईचा घातला आहे.

सुट्टी संपून नात परत निघाली, तेव्हा तिने चौथे पुस्तक पिशवीत टाकले आणि विचारले, पुढच्या उन्हाळ्यात आपण भोकरला जाऊ या का. आम्ही होकार दिला आहे.